आडवा एक, उभा एक

मायरा, तू फक्त ऐक. मधे प्रश्न विचारलास ना, तर मी शेवट आधी सांगून टाकीन, मग बस बोंबलत.

माझी फ्लॅटमेट मंजिरी माहितीये ना तुला? प्रायव्हेट इन्व्हेस्टिगेटर. म्हणजे विमा कंपन्यांसाठी खोटे क्लेम पकडते. कुणीतरी मान दुखावली म्हणून पैसे मागतो, आणि ही जाऊन बघते तर तो पोरांबरोबर ट्रॅम्पोलिनवर उड्या मारतोय. तर एका रविवारी मी तिला ओढत लंडनजवळच्या स्लाऊला नेलं. आमच्या मंडळाच्या 'उकल'ला.

उकल म्हणजे काय, तर मंडळाच्या मासिकात पुरुषोत्तमकाकांचं गूढ शब्दकोडं येतं. इंग्लिश क्रिप्टिकसारखंच, पण अस्सल मराठी. एका चौकटीत एक अक्षर, काना-मात्रेसकट. उदाहरण देते. 'बायकोच्या भावाआधी मध्यम सूर लागला, तर रस्सा चविष्ट होतो.' तीन अक्षरं. मध्यम सूर म्हणजे म, बायकोचा भाऊ म्हणजे साला. मसाला! हसलीस ना? मी नऊ वर्षांची इकडे आले, मराठी पार विसरायला लागले होते, आईशी इंग्लिशमध्ये भांडायचे. काकांच्या कोड्यांमुळे मी परत मराठीत भांडायला लागले. आई त्यांचे अजून आभार मानते. की तक्रार करते, मला नक्की कळत नाही.

काका म्हणजे हाडांचे डॉक्टर, आता रिटायर्ड. उकलीचे नियम त्यांचेच. एक, नुसतं उत्तर चालणार नाही, कारण सांगायचं. दोन, ज्यानं कोडं रचलं त्यानं तोंड उघडायचं नाही, आपली उकल आपण करायची नाही. म्हणून काका नेहमी हॉलबाहेर चहाच्या थर्मासपाशी उभे राहतात. आणि कुणालाच जमलं नाही, तर अजयदादानं उकल सांगायची, कारण छापायच्या आधी पूर्ण कोडं सोडवून तपासतो तोच.

तर त्या दिवशी मधुमतीकाकूंनी वाचलं, "आडवा एक. 'पुस्तक पाटलांनी कशात ठेवलं, ते याच ओळीत दडलंय.' तीन अक्षरं."

"कपाट!" अर्धा हॉल ओरडला.

"का? कारण सांगा," मी म्हटलं.

जो तो परत अंकात डोकं घालून बसला.

"पुस्तक कपाटातच ठेवतात, त्यात का काय?" काकू म्हणाल्या आणि हशा झाला. मग सगळ्यांनी अजयदादाकडे बघितलं. तो चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता.

"मला नाही बाबा आलं," तो म्हणाला. "काकांचं हल्ली काही कळत नाही. वय झालं."

हे त्याचं नेहमीचं. काकांना टोमणा मारल्याशिवाय त्याला चिवडा पचत नाही.

तेवढ्यात मंजिरीनं, जी आयुष्यात पहिल्यांदा मराठी कोडं बघत होती, हात वर केला. "पुस्तकमधला क, पाटलांमधले पा आणि ट. शब्द खरंच ओळीत दडलाय."

टाळ्याच टाळ्या! काका ट्रे घेऊन आले. "कशाला टाळ्या?"

"कपाट!" आम्ही म्हटलं.

काकांनी ट्रे खाली ठेवला. "माझ्या कोड्यात कपाट नाहीच. आडवा एक सपाट आहे."

देव, तो मासिकाचं लेआऊट करतो, इथेच जन्मलेला, तो म्हणाला, "पण काका, माझा उभा एक करवत आला. तो पण चूक आहे का?"

"करवत बरोबर आहे, ते माझंच. कपाट कुणी घुसडलं?"

काकांचा चेहरा लालबुंद. त्यांनी गेल्या महिन्याचा अंक मागवला. त्या उकलीला ते नव्हते, मुलीकडे ग्लासगोला गेले होते. अंक चाळला आणि परत स्फोट. 'कोणता राजा पोटात चांदणी लपवतो?' म्हणजे कोण-ता रा-जा, तारा.

"तारा नव्हता! तिथे वारा होता माझा! आडवा एक!" त्यांनी अंक टेबलावर आपटला. "म्हणजे कुणीतरी माझ्या नावावर स्वतःची कोडी छापतोय. कोण ते कळेपर्यंत माझं कोडं बंद."

मग रागारागात त्यांनी चहा वाटला. सगळ्यांना दिला, मला दिलाच नाही! मी त्यांच्या डाव्या कोपराला लागून बसलेले. मला इतकं लागलं ना ते. वाटलं, माझ्यावर संशय आहे की काय.

काकू माझ्या कानात म्हणाल्या, "काकी गेल्यापासून हा माणूस सकाळी उठतो तो कोड्यासाठी. ते थांबलं तर हा पण थांबेल गं."

मी मंजिरीला ढोसलं. ती उठली आणि काकांना म्हणाली, "मी शोधते. पण एक अट. जे सापडेल ते ऐकून घ्यायचं."

"चोराचं नाव ऐकायला मी एका पायावर तयार आहे," काका म्हणाले.

बाहेर आलो तर काकांची गाडी उभी होती. डावा आरसा टेपनं चिकटवलेला. मंजिरी वाकून बघत बसली.

"मंदिराच्या पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकली," काका मागून म्हणाले.

तिनं दारावरून नुसतं बोट फिरवलं. ट्रेनमध्ये मात्र म्हणाली, "एकदा ठोकलेली गाडी एकाच वेळी जखमी होते, ईशिता. त्या दारावर जुने ओरखडे आहेत, गंजलेले आहेत, कालचे पण आहेत. उजवी बाजू नवी कोरी. असा एक क्लेम मी पूर्वी पाहिलाय."

"अगं, चोर कोड्याचा शोधायचाय, गाडीचा नाही!"

"हो का?" ती म्हणाली आणि क्रिस्प्सचं पाकीट फोडलं.

आता बघ, कोडं छापेपर्यंत तीनच हातांतून जातं. काका हातानं लिहून देतात, मधुमतीकाकू टाइप करतात. मग अजयदादा तपासतो. मग देव लेआऊट करून प्रिंटला पाठवतो. तिघंच! मला तर वाटलं, संध्याकाळपर्यंत केस खलास.

पहिल्यांदा काकूंकडे गेलो. त्या निवृत्त शिक्षिका, पोहे केल्याशिवाय बोलत नाहीत.

"मी बदलीन? अगं, मला ते कोडं सुटत नाही, रचणार कुठून? दिसेल तसं टाइप करते आणि अजयला पाठवते. चूकबीक बघायचं काम त्याचं."

"काकांचं अक्षर लागतं?" मंजिरीनं विचारलं.

"अक्षर मोत्यासारखं. पण हल्ली पानाच्या मधूनच सुरुवात करतात. एवढा मोठा समास! मी म्हटलं, डॉक्टर, कागद काय झाडाला लागतात? तर म्हणे, कुठे आहे समास?"

"तुम्ही भेटता का नेहमी?"

"दर आठवड्याला भाजी आणायला नेतात ना मला गाडीनं. मी शेजारी बसते आणि डोळे मिटून रामरक्षा म्हणते. इतकी कडेला घासून चालवतात, कुंपणाची पानं हातात येतील."

मी हसले. मंजिरी हसली नाही.

मग देव. तो त्याच्या ऑफिसखाली कॅफेत भेटला.

"मी फक्त पेस्ट करतो," तो म्हणाला. "माझा मराठी बघ ना तू. मी क्लू लिहिला तर पुस्तक पाटलांना कपाटात ठेवेल."

माझ्या नाकातून चहाच आला.

"अजयकडून फाईल आली, त्यात कपाट होतं?" मंजिरीनं विचारलं.

"हो. मी काही टच नाही केला. अजयदादा टच करू देत नाही. एकदा मी एक चौकट सरकवला, तर त्यानं रात्री फोन करून मला ओरडली."

"ओरडला," मी म्हटलं.

"तो पण," देव म्हणाला.

शेवटी अजयदादा. ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका टेक कंपनीत असतो तो. रिसेप्शनवरच भेटला, आत बोलावलं पण नाही.

"संशय माझ्यावर ना? असूच दे. पण मी बदलायला बसलो असतो, तर अख्खं कोडं बदललं असतं. निम्मी कोडी तर जुनीच फिरवतात ते."

"तुम्ही तपासलंत तेव्हा आडवा एक काय होता?"

"आठवत नाही."

"कमाल आहे," मी मधे घुसले. "तुला तर काकांची मी शाळेत असतानाची कोडी पाठ आहेत!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "काका ठीक आहेत ना गं? खरंच बंद करणार म्हणतात?"

"चोर सापडेपर्यंत."

"मग सांग त्यांना, सापडणार नाही म्हणून." आणि गेला निघून, लिफ्टची वाटही न बघता, जिन्यानं.

मी तर टाळीच वाजवली. "तोच! त्याला काकांची जागा हवीये! टोमणे मारतो, स्वतःची कोडी घुसडतो, आणि आता काका सोडतायत तर खूश!"

"खूश दिसला तुला तो?" मंजिरीनं विचारलं.

"तसा नाही," मी कबूल केलं.

तिनं कागद घेतला, अंकातल्यासारख्या चौकटी आखल्या, आणि डाव्या कोपऱ्यात पहिल्या घरात 'एक' हा आकडा घातला. बघत बसली, बघत बसली. मग उठून तिनं काकांना फोन लावला. "शनिवारी दुपारी सगळ्यांना घरी बोलवा. आणि काका, तोवर गाडी काढू नका. प्लीज. मी सांगते म्हणून."

शनिवारी काका आरामखुर्चीत, एकदम कोर्टातल्या जजसारखे. मंजिरीनं आम्हाला तिच्या मनाप्रमाणे बसवलं. काकू, देव आणि मी काकांच्या उजवीकडे. अजयदादाला तिनं काकांच्या डाव्या हाताला खुर्ची दिली, आणि ओठांवर बोट ठेवलं. काका चष्मा पुसत होते तेव्हा.

"काका, सगळे आलेत ना? बघून सांगा."

काकांनी नजर फिरवली. "मधुमती, देव, ईशिता, तू." मग कपाळाला आठ्या. "अजय आला नाही? बघा, म्हटलं नव्हतं मी? चोराच्या मनात चांदणं!"

मायरा, अजयदादा हातभर अंतरावर बसला होता. हातभर! काकूंनी तोंडावर पदर धरला. देव म्हणाला, "काका, तो तर..." आणि मंजिरीनं त्याचा हात दाबला.

"मी इथेच आहे, काका," अजयदादा म्हणाला.

काकांनी मान वळवली. खूप वळवली. आणि दिसला तो त्यांना. "हा कधी आला?"

"आधीपासून आहे," मंजिरी म्हणाली. "काका, अट आठवतेय ना? ऐकून घ्यायचं."

"मंजिरी, नको," अजयदादा म्हणाला. "मीच केलं. मी बदललं. झालं? विषय संपव."

"संपवता आला असता तर किती बरं झालं असतं," ती म्हणाली, आणि काकांसमोर स्टूल ओढून बसली.

"आधी कोण, ते सांगते. कोडं काकू, अजय, देव असं जातं. काकूंनी बदललं असतं, तर अजयनं बदललेलंच कोडं तपासलं असतं, आणि उकलीला पटकन कारण सांगितलं असतं. ते त्याचं कामच आहे. देवनं नंतर बदललं असतं, तर अजयला छापील कोडं नवीन दिसलं असतं, तो म्हणाला असता, अरे मी तपासलं ते हे नव्हेच. त्यानं यातलं काहीच केलं नाही. शेंगदाणे वेचले आणि म्हणाला, मला आलं नाही. छापायच्या आधी पूर्ण कोडं सोडवणारा माणूस! तो गप्प का बसला? कारण तुमचाच नियम आहे, ज्यानं रचलं त्यानं उकल करायची नाही. चोरी करतानाही त्यानं तुमचा नियम मोडला नाही."

"पण का?" काका ओरडले. "माझं सपाट काय वाईट होतं?"

"सांगते. आडवा एक सपाट. उभा एक काय?"

"करवत. माझंच आहे."

"दोन्ही एक नंबरचे. म्हणजे दोन्ही एकाच चौकटीतून सुरू होतात. त्या चौकटीत एकच अक्षर बसतं, काका. आडवा म्हणतो स, उभा म्हणतो क."

मी त्या हॉलमध्ये होते गं, दोन्ही शब्द माझ्या कानांनी ऐकले होते, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता!

"गेल्या महिन्यात आडवा वारा, आणि त्याच चौकटीतून उभा तारीख, मी सोडवून बघितलं. परत मारामारी. अजयनं काय केलं? फक्त पहिलं अक्षर बदललं, सपाटचं कपाट, वाऱ्याचा तारा, आणि त्यासाठी नवीन कोडी रचली. तुमच्यासारखी, तुमच्या वळणाची. ज्याला तुमची जागा हवी असते तो तुमची चूक छापून येऊ देतो. यानं ती लपवली."

काकांनी अंक हातात घेतला, पण उघडला नाही. "मी अशी चूक करत नाही."

"तुम्ही करत नाही. म्हणूनच मी विचार केला, दोन्ही चुका एकाच जागी का? डाव्या कडेला. पानावर लिहिता तेव्हा डावीकडचा अर्धा कागद कोरा. गाडीला सगळे ओरखडे डावीकडे. ईशिता डावीकडे बसली, तिला चहा नाही. आणि आत्ता..." तिनं अजयदादाकडे बघितलं. "माझ्या एका क्लेममधल्या माणसाची गाडी अशीच होती. कंपनीला वाटलं, फसवतोय. त्याचे डोळे ठणठणीत होते. मेंदूच डाव्या बाजूची दखल घेत नव्हता, आणि त्याला ते कळत नव्हतं. तुम्ही डॉक्टर आहात काका. पुढचं मला तुमच्यासमोर बोलायचा अधिकार नाही."

काकांनी अंक बाजूला ठेवला. मग त्यांनी उजव्या हातानं स्वतःचा डावा हात शोधला. खरंच शोधला गं, मांडीवरून चाचपत. आणि धरून बसले.

"मधुमती," ते म्हणाले, "मी तुला दर आठवड्याला त्या गाडीत बसवलं."

"रामरक्षा होती ना," काकू म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

अजयदादा खुर्चीतून उतरून जमिनीवरच बसला, काकांच्या पायाशी. "मला वाटलं, वय झालंय. एखादं अक्षर चुकतं माणसाचं. लोक हसले असते तुम्हाला. कोड्यावर तुम्ही काय जीव टाकता ते मला माहितीये, म्हणून मी... आणि संशय येऊ नये म्हणून टोमणे चालू ठेवले."

"ते तू आधीपण मारायचास," देव म्हणाला.

"गप रे!" आम्ही सगळे एकदम.

त्याच दुपारी आम्ही काकांना इमर्जन्सीला नेलं. स्कॅन झालं. मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ. हळूहळू वाढणारी, साधी, काढता येणारी. सर्जन म्हणाल्या, वेळेत आलात, अजून रेंगाळला असतात तर मात्र कठीण होतं. आणि काढली ती त्यांनी! मी पुढे वॉर्डात गेले तर काका उशीला टेकून बसलेले, डोक्याला पट्टी, आणि डावीकडे उभ्या असलेल्या नर्सला म्हणतायत, "थँक यू, सिस्टर." तिनं फक्त पाणी दिलं होतं. पण ती त्यांना दिसली होती ना!

प्रत्येकाला थँक यू म्हणत होते ते. पोर्टरला, झाडणाऱ्या माणसाला. मंजिरीचा तर हात सोडेनात. "तू मला चोर शोधून दिला नाहीस पोरी, मलाच मला शोधून दिलंस."

मग त्यांनी अजयदादाला जवळ बोलावलं. तो दारातच घुटमळत होता.

"अज्या, इतकं माझ्या बापानंही कधी मला सांभाळून घेतलं नसतं. कपाट माझ्यापेक्षा सरस होतं, लेका. मी तुझे आभार मानतो. पण पुढच्या वेळी मला उघडं पाड. चारचौघांत पाड."

"काका, मी आधी बोललो असतो तर..."

"तर मी तुझ्या कानाखाली वाजवली असती, आणि डॉक्टरकडे गेलो नसतो. मला ओळखतोस ना?"

अजयदादा हसला, पण त्याचं हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. परत येताना तो म्हणालाच, "ते माफ करतायत हे त्यांचं मोठेपण. पण काकूंची सीट डावीकडे होती, ईशिता. एखाद्या दिवशी ओरखड्यावर भागलं नसतं, तर?"

मंजिरी म्हणते, पहिल्याच चुकीला सांगायला हवं होतं, लाज वगैरे नंतर. मी म्हणते, मी पण गुपचूप दुरुस्तच केलं असतं, कारण ज्या माणसानं मला माझी भाषा परत दिली, त्याला मी कुठल्या तोंडानं सांगणार की तुमचं चुकतंय? आमचं घरी यावरून अजून वाजतं. अजयदादाला मी विचारायचं धाडस केलं नाही.

तू सांग, मायरा, पण खरं सांग हं. तुझ्या इतक्या जिवाभावाच्या माणसाची चूक फक्त तुला दिसली असती, बाकी कुणालाच नाही, तर तू काय केलं असतंस?